पॅकिंग खात्यातील सुरक्षित काम : नव्या कामगारांसाठी एक पाठ

सकाळी साडेसहाला आपल्या वस्तीच्या नाक्यावर कंपन्यांच्या गाड्यांची वाट पाहत जी मुले-मुली उभी असतात, त्यांना "कुठे कामाला?" असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर एकच येते, "पॅकिंगला." माल कोणता हे कुणी सांगत नाही. हळद-मिरची असो, चिवडा असो, बिस्किटे असोत की साबण, पॅकिंग म्हणजे पॅकिंग. भरायचे, चिकटवायचे, खोक्यात टाकायचे. त्यात शिकण्यासारखे ते काय, असा त्या उत्तराचा सूर असतो. कारखान्यांतही बऱ्याच ठिकाणी हाच समज आहे. फिटर शिकून येतो, वेल्डर शिकून येतो. पॅकिंगच्या पोराला मात्र पहिल्याच दिवशी मशीनपुढे उभे करतात.

प्रस्तुत लेख हा समज खोडून काढण्यासाठी लिहिला आहे. पॅकिंग हे शिकूनच करण्याचे काम आहे. न शिकता केले तर त्याची किंमत एक तर आपला हात देतो, नाही तर ज्यांना आपण कधी पाहणारही नाही अशा घरातली लहान मुले देतात. मी या खात्यात बत्तीस वर्षे काढली. हेल्पर म्हणून शिरलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला वरचे पेर नाही. त्या पेराची हकीकत आधी सांगतो, कारण आजच्या पाठाचे मूळ तिच्यात आहे.

१९८८ साल होते. मसाल्याच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागून मला तीनच दिवस झाले होते. ऑपरेटर आला नव्हता. मुकादमाने विचारले, "पाऊचची मशीन येते का रे?" मी ती दोन दिवस लांबून पाहिली होती. मी म्हणालो, "येते."

का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. रोजगार जाईल ही भीती होतीच. फाटकाबाहेर दहाजण उभे असत. पण त्याहून खोलवर एक गोष्ट होती. "तुम्हाला काय कळतं" हे वाक्य आपल्या आजा-पणजांनी जन्मभर ऐकले. ते पुन्हा आपल्या तोंडाने कबूल करायचे, "साहेब, मला कळत नाही" असे चारचौघांत म्हणायचे, हे जिवावर येते. आपल्या हुशार आणि मानी पोरांनाच हे अधिक जड जाते असे माझे निरीक्षण आहे.

आता ही पाऊचची मशीन काय करते ते समजून घ्या. वर फिल्मचा रोल असतो. ती फिल्म एका गळपट्टीवरून खाली उतरताना नळीसारखी गोल होते. उभा जॉ तिची शिवण घालतो. आडवा जॉ, म्हणजे समोरासमोरचे दोन तापलेले जबडे, खालच्या पाऊचचे तोंड आणि वरच्या पाऊचचे बूड एकाच दाबात चिकटवतात, आणि त्या जबड्यांतच बसवलेली सुरी दोन्ही पाऊच वेगळे करते. वरच्या हॉपरमधून मोजून माल पडतो. मिनिटाला तीस-चाळीस पाऊच सहज निघतात. शिलाई पक्की होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : उष्णता, दाब आणि वेळ. उष्णता फिल्मच्या जातीप्रमाणे साधारण १२० ते १६० अंश सेल्सियस ठेवतात. उकळते पाणी १०० अंशांवर असते, यावरून काय ते समजा. दाब बहुतेक मशीनींत कॉम्प्रेसरच्या हवेचा असतो, सुमारे सहा बार. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या अडीच-तीन पट.

त्या दिवशी मिरचीपूड शिलाईत अडकली, फिल्म जॉला चिकटून गोळा झाली आणि मशीन अर्ध्यात थांबली. मी लाल बटण दाबले. एवढे मला ठाऊक होते. मशीन गप्प झाली. मग मी डावा हात घालून तो चिकटलेला गोळा ओढला.

बटणाने वीज बंद झाली होती, पण नळीतली हवा तशीच कोंडलेली होती. जबडा अर्ध्यात थांबला होता तो बटणामुळे नव्हे, त्या गोळ्यामुळे. गोळा निघताच जबड्याने आपली राहिलेली फेरी पूर्ण केली. सुरी त्यातच होती.

मला रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेले. माझे नाव हजेरीपुस्तकात चढलेलेच नव्हते, त्यामुळे अपघाताची नोंदही झाली नाही. सातव्या दिवशी गेलो तर माझ्या जागी दुसरा मुलगा उभा होता. पुढे बऱ्याच दिवसांनी त्या पाळीतला एक हेल्पर भेटला. त्याने सांगितले की मला नेल्यावर जॉ कापडाने पुसला आणि अर्ध्या तासात मशीन चालू केली; पट्ट्यात अडकलेले पाऊच बाजूला काढायचे कुणाच्या ध्यानातही आले नाही. म्हणजे माझे रक्त कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेले असणार. कामगाराची सुरक्षा आणि खाणाऱ्याची सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हे मला त्या दिवशी कळले.

थांबवणे आधी, चालवणे नंतर

नवा माणूस मशीन कशी चालते ते आधी पाहतो. शिकण्याचा क्रम याच्या उलट असला पाहिजे. ती थांबते कशी, पूर्ण थांबली हे ओळखायचे कसे, आणि थांबलेली राहील याची खात्री कशी करायची, हे तीन प्रश्न पहिल्या दिवशीचे आहेत. थांबलेल्या मशीनमध्ये चार शक्ती शिल्लक राहू शकतात : वीज, कोंडलेली हवा, उष्णता आणि वर उचललेल्या भागाचे वजन. तापलेला जॉ बटण बंद केल्यावरही बराच वेळ हात भाजतो. उचललेला हॉपर खाली येऊ शकतो. ताणलेली स्प्रिंग हीसुद्धा एक शक्तीच आहे.

पिवळ्या पाटीवरचे लाल, छत्रीसारखे बटण आणीबाणीसाठी असते. ते दाबले की आत बसते आणि फिरवल्याशिवाय बाहेर येत नाही. उत्तम सोय आहे, पण ते मशीनचे कुलूप नव्हे. मागे रोल बदलणाऱ्या माणसाला तुमचा हात दिसत नाही. तो येऊन बटण फिरवील आणि मशीन चालू करील. म्हणून हात आत घालण्यापूर्वी मेन स्विच खाली करायचा आणि त्याला स्वतःचे कुलूप लावायचे. किल्ली आपल्या खिशात, "माणूस काम करीत आहे" ही पाटी कुलपाला. हवेचा कॉक बंद करून नळीतली हवा सोडायची. फुस्स आवाज येतो, घड्याळासारखा काटा शून्यावर येतो, तो डोळ्यांनी पाहायचा. मग चालूचे बटण एकदा दाबून पाहायचे. काही हलले नाही तरच आत हात. दोन माणसे काम करीत असतील तर कुलपे दोन. दुसऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर काम करू नये, तो भाऊ असला तरी.

हे सारे करायला चार-पाच मिनिटे लागतात. चाळीसच्या वेगाने पाच मिनिटांत दोनशे पाऊच होतात. मुकादम त्या दोनशे पाऊचसाठी ओरडेल. ओरडू द्यावे.

शिलाईत अडकलेली पूड काढायला पितळेची वा लाकडी पट्टी ठेवलेली असते. बोट ही पट्टी नव्हे. जाळीच्या दाराला स्विच असतो, दार उघडले की मशीन थांबते. तो स्विच चुंबक लावून किंवा चिकटपट्टीने दाबून फसवण्याची युक्ती प्रत्येक कारखान्यात कुणीतरी नव्याला शिकवतोच, वर त्याला "हुशार ऑपरेटर" म्हणतात. हा हुशारपणा शिकू नका. बेल्ट आणि रोलर जिथे एकमेकांना भेटतात ती जागा तर सर्वांत फसवी. ती मंद फिरते म्हणून भीती वाटत नाही. पण ओढणीचे टोक एकदा आत गेले की रोलर ती सोडत नाही.

ओढणी, पदर, सैल बाही, घड्याळ, बांगड्या, अंगठी, सारे कपाटात. येथे एक नाजूक गोष्ट लिहितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनगटावर परित्राण पाठाचा पांढरा धागा असतो. तोही कामावर काढून ठेवावा. मशीनमध्ये गुंतला तर हात ओढतो, आणि तुटून मालात पडला तर खाणाऱ्याच्या तोंडात जातो. परित्राण म्हणजे रक्षण. रक्षणासाठी बांधलेल्या धाग्याने कुणाला इजा व्हावी, हे धम्मात बसत नाही.

"येत नाही" म्हणण्याचा अधिकार

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वरील कुलूप-पाटी कळली तरी ज्याला "मला येत नाही" म्हणता येत नाही त्याचा उपयोग नाही. कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, मालकाने कामगाराला माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवलीच पाहिजे असे कलम घातले गेले. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही हे कर्तव्य आहे, आणि सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा कामगाराचा हक्कही आहे. म्हणजे शिकवा असे म्हणणारा मुलगा उपकार मागत नसतो.

पण कायदा फाटकाच्या आत आपोआप चालत येत नाही, हेही खरे. म्हणून बोलण्याची रीत सांगतो. नुसते "येत नाही" म्हणू नये. "काका, मी पाहिली आहे, पण हात घातलेला नाही. तुम्ही एकदा करून दाखवा, मग मी तुमच्या समोर करतो." असे म्हटल्यावर नाही म्हणणारा जुना ऑपरेटर मी फार थोडा पाहिला. जुन्या माणसालाही आपली विद्या कुणी विचारलेली आवडते.

शिकताना तीन पायऱ्या ठेवा. आधी पाहा. मग त्याच्या नजरेखाली करा. मग तुम्ही त्याला समजावून सांगा : हे का करायचे, हे न केल्यास काय होईल. तिसरी पायरी बहुतेकजण गाळतात. सुपरवायझर झाल्यावर मी कोणत्याही नव्या मुलाला सही करण्यापूर्वी मशीन मलाच शिकवायला लावीत असे. एक मुलगी मशीन फार सफाईने चालवायची. शिकवायला लावल्यावर लक्षात आले की हवेचा कॉक कुठे आहे हेच तिला कुणी दाखवले नव्हते. दोष तिचा नव्हता. सही देणारे आम्ही, तो दोष आमचा.

एक छोटी वही खिशात असू द्या. कोणत्या फिल्मला किती तापमान, काय बिघडले, कशाने सुटले, हे रोज चार ओळी लिहा. तथागतांनी धम्माला "एहिपस्सिको" म्हटले, या आणि पाहा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये ही सवय मशीनपुढेही तितकीच कामाची आहे. "ती बंद आहे" असे कुणी म्हटले, तरी काटा आपण पाहावा.

खाणाऱ्याचा विचार

मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्णाने कसा ओढायचा, हे त्याचे कारण. विणकामात मजुरी अधिक होती, म्हणून हा विटाळ आपल्या पोटावर येत होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. मला हा इतिहास पॅकिंग खात्याच्या दारातल्या बेसिनपाशी नेहमी आठवे. तेथे मॅनेजर येवो, मुकादम येवो की हेल्पर येवो, साबणाने हात धुतल्याशिवाय, केसांवर जाळी चढवल्याशिवाय आत पाऊल नाही. विटाळ माणसाची जात विचारी. जंतू विचारीत नाही. म्हणून हात धुण्याचा कंटाळा आपल्या मुलांनी तरी करू नये. जुलाब, उलटी, पिकलेली जखम असेल तर खाद्यपदार्थाच्या जागी काम न करणे हा नियम आहे, आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही ठरलेली आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून.

बोटाला कापले तर निळी पट्टी देतात. निळीच का? खाण्याचा पदार्थ सहसा निळा नसतो, म्हणून सुटून पडली तर चटकन दिसते. शिवाय चांगल्या पट्टीत धातूचा पातळ पापुद्रा असतो, तो मेटल डिटेक्टरला सापडतो. (निळा रंग आपल्या लोकांना येथेही उपयोगी पडला, असे आम्ही थट्टेने म्हणत असू.)

मेटल डिटेक्टरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथे सर्वांत जास्त फसवाफसवी चालते. पाऊच त्याच्या चौकटीतून जातो. आत लोखंडाचा, पितळेचा वा स्टेनलेस स्टीलचा कण असेल तर तो बाजूला ढकलला जातो. पण डिटेक्टर स्वतः नीट आहे हे कशावरून? त्यासाठी तीन धातूंचे नमुना तुकडे ठेवलेले असतात. पाळीच्या सुरुवातीला, दर तासाला आणि शेवटी ते एकेक करून पाठवायचे व वहीत नोंद करायची. समजा अकराला तपासणी बरोबर आली आणि बाराला नमुना सापडलाच नाही. तर केवळ बारानंतरचा नव्हे, अकरा ते बारामधला सगळा माल अडवून ठेवावा लागतो, कारण मशीन नेमकी केव्हा आंधळी झाली हे कुणालाच ठाऊक नसते. चाळीसच्या वेगाने तो २,४०० पाऊच होतो. यामुळेच पुष्कळ ठिकाणी नमुना न पाठवताच "ठीक" असे लिहितात, सगळ्या तासांची सही जेवणाच्या सुटीत एकदम करतात. मीही तरुणपणी अशा सह्या केल्या आहेत. त्या पानावर आपण जे लिहितो ते मुसावादा वेरमणीत येते की नाही, याचा विचार पंचशील घेणाऱ्याने स्वतःच करावा.

भिक्षूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते. चीवर, पात्र, वस्तरा, सुई यांच्या बरोबरीचे त्याचे स्थान आहे. पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीव मरू नये म्हणून एवढी काळजी. कारखान्यात पीठ-मसाला चाळणारी चाळणी फाटली आहे का, हे पाळीच्या सुरुवातीला पाहणे मला याच जातीचे काम वाटते.

माल बदलतानाही असेच. शेंगदाण्याच्या चिवड्यानंतर त्याच मशीनवर दुसरा फरसाण घ्यायचा असेल तर हॉपर, गळपट्टी, बेल्ट पूर्ण साफ झाल्याशिवाय सुरुवात नको. शेंगदाण्याचा कण काहींच्या जिवावर उठतो. त्यांचा घसा सुजून श्वास कोंडतो. जुन्या मालाची छापील फिल्म टेबलाखाली राहिली तर नावात एक आणि पाकिटात दुसरेच, असा प्रकार होतो. तारीख, बॅच नंबर आणि किंमत पहिल्या पाऊचवर आपण वाचायची आणि दुसऱ्यालाही वाचायला द्यायची, कारण आपल्या डोळ्याला जे असावे तेच दिसते.

साफसफाईतला एक धोका लोकांना ठाऊक नसतो. हळद, पीठ, साखर यांची बारीक धूळ हवेत दाट पसरली आणि ठिणगी मिळाली तर तिचा भडका उडतो, स्फोटही होतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नये, झाडूने वा व्हॅक्यूमने काढावी. त्या हवेने अंगावरचे कपडे झटकण्याची खोडही सोडावी. ती डोळ्यात, कानात शिरून कायमची इजा करते.

अपघात झालाच तर

भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका, बर्फही नको. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. तुटलेला तुकडा टाकू नका : ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात वा पाण्यात नको. तो जखमीबरोबरच दवाखान्यात गेला पाहिजे. वेळेत गेला तर पुष्कळदा जोडता येतो. माझे पेर त्या दिवशी झाडूने कचऱ्यात गेले. मशीनमधला अर्धवट माल आणि आजूबाजूचे पाऊच बाजूला काढून त्यांवर "अडवलेले" असे लिहा.

मग नोंद. अपघात किरकोळ असला तरी रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, साक्षीदार यांसह लिहिला गेला पाहिजे. ईएसआयचा मूळ कायदा १९४८ चा, आणि त्याचा पाया ज्या प्रा. अदरकर यांच्या १९४४ च्या अहवालाने घातला, तो बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळीत असतानाचा आहे. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले तेही १९४६ साली, त्यांच्याच खात्याच्या विधेयकाने. थकलेला हात मशीनमध्ये लवकर जातो, हे सलग दुसरी पाळी करणाऱ्याला विचारा.

ईएसआयसाठी पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्याला तो लागू आहे, कंत्राटी असला तरी. कामावरील इजेसाठी नोकरीला किती महिने झाले ही अट नाही. पहिल्या दिवशी इजा झाली तरी हक्क मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के भत्ता असतो. बोट कायमचे गेले तर वैद्यकीय मंडळ कमाईची हानी ठरवते आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम मिळते. पण हे सारे विमा क्रमांकावर चालते. म्हणून कामावर लागलेल्या आठवड्यातच तो क्रमांक मागा, घरी आईकडे किंवा पत्नीकडे लिहून ठेवा, आणि हजेरीपुस्तकात आपले नाव चढले आहे की नाही ते स्वतः पाहा.

माझ्या घरी एक जुना, मोडीत निघालेला आडवा जॉ आहे, त्याची सुरी काढलेली. हवेचा छोटा सिलिंडर आणि एक कुलूपही जमवले आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर हे सामान मी विहारात आणतो. पहिल्यांदा कामाला निघालेल्या मुला-मुलींनी यावे. आधी मी कुलूप लावून दाखवीन, मग तुम्ही लावा, आणि मग मला काहीच ठाऊक नाही असे समजून तुम्ही मला शिकवा.